मोठी टिकली

संक्रांतीचं वाण म्हणून त्या टिकल्या मीच दिल्या होत्या. देवासच्या बाजारातून हौसेनं आणलेल्या, लाल मखमली. वहिनी माझ्या धाकट्या भावाची बायको, धारला असते. तिला म्हटलं, "चिकटते बघ कशी! तोंड धुतलं तरी हलत नाही." केवढा तो माझा तोरा!

पुढच्या संक्रांतीला धारला गेले, तर वहिनी आरशासमोर. कपाळाच्या मधोमध पांढरा डाग, अगदी टिकलीएवढा. मला बघून तिनं पटकन पदर ओढला.

"वन्सं, कोड तर नसेल ना हो?"

तिच्या मुलीसाठी, म्हणजे माझ्या भाचीसाठी, स्थळं बघणं सुरू होतं. कितीही शिकलो तरी कोडाचं नुसतं नाव निघालं की आमच्यात बोलणी थांबतात. मी म्हटलं, "काहीतरीच काय! थोडी मोठी लाव, झाकेल." आणि पर्समधून मोठ्या टिकल्यांचं पाकीट काढून दिलं. अक्कल म्हणतात ती हीच.

दिवाळीपर्यंत डाग मोठ्या टिकलीएवढा झाला. तेव्हा कुठं मी तिला देवासला आणून कातडीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी वहिनीची टिकली काढली, उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "कोड नहीं है बाई, ये गोंद का काम है." टिकलीमागच्या गोंदात असं केमिकल असतं की काहींच्या कातडीचा रंगच मरतो. हे आईकडून मुलीकडे जात नाही. टिकली बंद केली तर रंग हळूहळू भरेल, पण पूर्ण भरेलच असं नाही. सध्या तिथं कुंकूसुद्धा नको, त्यातही काय काय रंग घालतात कोण जाणे.

करायला गेले गणपती नि झाला मारुती.

रिक्षात वहिनी रडायला लागली. "सवाष्णीनं कपाळ मोकळं ठेवायचं?" मी तिच्यावरच खेकसले, "मग काय सगळं कपाळ पांढरं करून घेतेस?" लाज वाटत होती मला, म्हणून आवाज चढला. तिला धारला पोचवायला गेले, तर भावानं विचारलं, कुठल्या टिकल्या? ती म्हणाली, "बाजारातल्या." माझं नाव तिनं घेतलं नाही. त्या दिवसापासून मला तिच्यासमोर नीट बसवेना.

मग एक स्थळ जमत आलं. मुलाची आई घरी येणार म्हणून भाचीनं फाउंडेशन आणलं. वहिनी म्हणाली, "नको. लग्नानंतर कळलं तर तुलाच ऐकावं लागेल." मोकळ्या कपाळानं बाहेर आली.

हळदीकुंकवाची वेळ आली. त्या बाईंनी कुंकवाचं बोट उचललं आणि डागापाशी थांबवलं.

"घराण्यात आहे का हे?"

भाची स्वयंपाकघराच्या दारात, तोंडावर ओढणी धरून. मला राहवलंच नाही. "घराण्यात नाही हो, हे माझ्यामुळं झालंय. टिकल्या मी दिल्या. मोठी लाव म्हणूनही मीच सांगितलं. त्या गोंदानं झालंय, डॉक्टरांचा कागद आहे घरात."

त्या बाईंनी कागद मागितला नाही. वहिनीच्या मंगळसूत्राला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "मोकळ्या कपाळानं समोर आलात, तिथंच कळलं मला घर कसं आहे. मुलगी आम्हाला पसंत आहे."

मग बोट माझ्याकडे वळवलं, आणि पुन्हा थांबल्या.

"पण मग तुम्ही ती अजून का लावलीये?"

माझा हात कपाळाकडे गेला. तसल्याच पाकिटातली टिकली होती. सवयीनं, आणि खरं सांगायचं तर मोकळ्या कपाळाची मलाही भीती वाटत होती. वहिनीला मारे शहाणपण शिकवलं होतं!

वहिनी उठली. मला हाताला धरून खिडकीशी नेलं, नखानं टिकली सोडवली आणि डोळे बारीक करून माझं कपाळ किती वेळ बघत राहिली.

"काही नाही हो वन्सं," ती म्हणाली, "तुमचं वाचलं." आणि पाहुण्यांसमोरच मला रडू फुटलं.