हिरवा, पण कुणाचा?

ओव्हाळतात्यांना काहीही सांगितलं की ते आधी विचारायचे, "कुणाचा?" त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकींनी, आतून हाक दिली, "चहा झालाय हो," की तात्या पडवीतून विचारणार, "कुणाचा?" "माझ्या बापाचा!" काकी ओरडायच्या आणि कपबशी आदळून ठेवायच्या. कुणी म्हणालं पोरगा पास झाला, तरी तेच. कुणी म्हणालं बैल सुटलाय, तरी तेच. नव्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला काहीतरी चाळा आहे. मला तसं कधी वाटलं नाही, कारण त्या सवालाचा पहिला दणका मीच खाल्ला होता.

तात्या कर्जतला बँकर इंजिनावर ड्रायव्हर होते. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देतं ते बँकर. मी खालापूरकडच्या शेतकरी घरातला, मॅट्रिक झालेला, चोवीस वर्षांचा आणि फटकन तापणारा, त्यांच्या हाताखाली असिस्टंट म्हणून आलो. सिग्नल दिसला की तो मोठ्यानं बोलायचा आणि दुसऱ्यानं बघून तोच पुन्हा बोलायचा, ही इंजिनातली रीत. पहिल्याच दिवशी यार्डातून निघताना मी छाती फुगवून ओरडलो, "हिरवा!" तात्यांचा हात हँडलवर होता, पण हलला नाही.

"कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"कुणाचा म्हंजे? सिग्नलचा."

"नीट बग. हिरवा खरा हाय. पण तो शेजारच्या लाइनीचा हाय रं. आपला कुठला?"

आपला लाल होता. वाटलं, हा माणूस आता लेखी कळवणार आणि हातातोंडाशी आलेली नोकरी जाणार. तात्यांनी कुणाला काही कळवलं नाही. सिग्नल मिळेपर्यंत डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे धरली. आमच्या गावात तेव्हा बौद्धवाडीतल्या घरचं कुणी खात नसे. मी भाकरी घेतली, पण खाण्याआधी खिडकीबाहेर कुणी ओळखीचं बघत नाही ना, हे बघून घेतलं. तात्यांनी तेही बघितलं आणि आपली अर्धी खाऊ लागले. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्यानंतर बारा वर्षं आम्ही एका इंजिनात काढली. मी सिग्नल बोलायचो, ते "कुणाचा?" विचारायचे, मी पुन्हा बघून "आपला!" म्हणायचो, मगच हँडल फिरायचं. "तोंडानं बोलू नगं, डोळ्यानं बोल," हे त्यांचं दुसरं पालुपद. पुढे ते निवृत्त झाले, मी ड्रायव्हर झालो. त्यांचं घर पळसदरीच्या रस्त्याला, माझं क्वार्टर कर्जतला स्टेशनाजवळ. आठवड्यातून दोनदा तरी मी पडवीत जाऊन बसायचो.

भातकापणीच्या दिवसांत तात्या बांधावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. मुंबईच्या इस्पितळात ऑपरेशन झालं, आत धातूचा गोळा बसवला. ऑपरेशन छान झालं. पण पूर्वी एका दुखण्यात त्यांच्या त्याच पायात रक्ताची गुठळी झाली होती, म्हणून घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "महिनाभर रक्त पातळ करायचं इंजेक्शन घ्यायचं. पोटावर, नुसत्या कातडीखाली. सकाळी सातला, संध्याकाळी सातला. गोळ्या दिल्या तर सारखं रक्त तपासावं लागेल, ती सोय तुमच्याकडे नाही. इंजेक्शन चुकवू नका. पायात गुठळी झाली आणि ती सुटून छातीत गेली, तर माणूस हातचा जातो."

"टोचणार कोण?" काकींनी विचारलं.

"मी," तात्या म्हणाले. "हँडल मी कुणाच्या हातात देत नाय."

काचेची सिरिंज, उकळायला एक पातेली, औषधाच्या बाटल्या. पहिले दोन दिवस कर्जतचे डॉक्टर येऊन टोचायचे आणि तात्या काकडीवर हात बसवत होते. त्या घरात काकडी खायची सोय राहिली नाही. पण स्वतःच्या पोटावर टोचायची वेळ आली तेव्हा, बारा वर्षं ज्याचा हात मी घाटात अडखळताना पाहिला नाही, त्या माणसानं सिरिंज दोनदा उचलून परत ठेवली. मी म्हणालो, "द्या हिकडं, मी टोचतो." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट मागे सरलो. मग त्यांनी पोटाची चिमूट धरली, डोळे मिटले, उघडले आणि सुई घातली. काकींनी लगेच पुढे होऊन ती जागा खसाखसा चोळली. सुई टोचली की चोळायचं, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक. या औषधाला नेमकं तेच चालत नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी तिथं पुरीएवढा काळानिळा डाग उठला. काकी तोंडाला पदर लावून रडल्या. "अगं, रडतीस काय? हात बांधून बस म्हंजे झालं," तात्या म्हणाले.

तात्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. बाटलीवरची अक्षरं त्यांना दिसत नव्हती. म्हणून मी साठलेली रजा काढली आणि रोज दोन वेळा त्यांच्याकडे जाऊ लागलो. इंजिनातलीच रीत पुन्हा सुरू झाली. मी बाटली उजेडात धरून बोलायचो, "पाच हजार!" म्हणजे पाच हजार युनिट, औषधाचा जोर. तात्या विचारायचे, "कुणाचे?" मी म्हणायचो, "एका मिलीचे. आपले!" मग ते सुई भरायचे. "खूण?" "एकवर!" "बुडबुडा?" "नाय!" "बाजू?" "डावी!" काकी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "ह्या माणसाशी सवसार केला बाई मी. उद्या यम आला तरी इचारील, कुणाचा म्हणून." आम्ही तिघंही हसायचो. हसत होतो, पण घड्याळ सातकडे यायला लागलं की तिघांचीही तोंडं सुकायची.

दहाव्या दिवशी बाटल्या संपत आल्या. कर्जतला ते औषध मिळत नव्हतं, खोपोलीतही नाही. मी कल्याणला गेलो. तीन दुकानं फिरल्यावर एकाकडे दोन बाटल्या निघाल्या. दुकानदार म्हणाला, "तुम्हाला हीच लागते ना? बघून घ्या." परतीच्या गाडीला आठ मिनिटं होती. मी बाटलीवर पाच हजार वाचलं आणि हो म्हणालो.

त्या संध्याकाळी नवी बाटली काढली. "पाच हजार!" मी म्हणालो.

"कुणाचे?"

"एका मिलीचे. आपले!"

मी तोंडानं बोललो. डोळ्यानं बोललो नाही.

अडीच दिवस, पाच वेळा. चौथ्या दिवशी सकाळी पावणेसातला मी पोचलो, तर काकी चुलीवर तेल कोमट करत होत्या. "रातीपासून पोटरी दुकती म्हंतात. पाय भरून आलाय. जरा चोळून देते." मी आत जाऊन बघितलं. ऑपरेशनच्या बाजूची पोटरी सुजून तुकतुकीत झाली होती, हात लावला तर कढत. मी तेलाची वाटी काकींच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. "काकी, हात लावू नका! बोटसुद्धा नाय!" त्या घाबरून भिंतीला टेकल्या.

खिडकीत रिकाम्या बाटल्या ओळीनं ठेवलेल्या असत. काकी त्या धुऊन ठेवायच्या, घरात कधी काय लागेल म्हणून. मी जुनी बाटली उचलली, कशासाठी ते मलाच ठाऊक नाही, आणि नव्या रिकाम्या बाटलीशेजारी धरली. दोन्हींवर मोठ्या अक्षरात पाच हजार. जुन्यावर त्याच्यापुढे बारीक अक्षरं होती : एका मिलीला. नव्यावर : पाच मिलीत मिळून. म्हणजे अख्ख्या बाटलीत मिळून पाच हजार. अडीच दिवस तात्यांच्या पोटात दर वेळी पाचातला एकच हिस्सा जात होता.

आणि खरं तेच सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय तात्या कोण होते हे कळणार नाही. मी ती नवी बाटली खिशात घातली. मनात म्हणालो, डॉक्टरला बोलवू, पाय दाखवू, बाटलीचं कुणाला कशाला कळायला हवं? गुठळी काय, अशीही होते. काकींना वाचता येत नाही. तात्यांना दिसत नाही. एवढा हलका मी त्याआधी आणि त्यानंतर कधी झालो नाही.

"काय बगतोस रं खिडकीत?" तात्यांनी पलंगावरून विचारलं.

"बाटली."

"कुणाची?"

माझ्याच्यानं पुढे रेटवलं नाही. बाटली काढून मी त्यांच्या हातात दिली आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. दुकानदार, आठ मिनिटं, बारीक अक्षरं, खिशात घातली तेही. काकी "अगं बाई" एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. तात्यांनी बाटली अंगठ्यानं चाचपली, डोळ्यांजवळ नेली, ठेवून दिली.

"बरं. आता गाडी कशी उबी करायची ते बग," ते म्हणाले. "रड नंतर."

कर्जतचे डॉक्टर आले. पाय बघून म्हणाले, "गुठळीच दिसते. पायात आहे तोवर ठीक. उठवायचं नाही, बसवायचं नाही, आडवं करून थेट मुंबईला न्या. आणि हे काय घडलं ते तिथे अगदी असंच सांगा." टेंपोत गादी घातली, चार जणांनी तात्यांना फळीवरून चढवलं. काकी उशाशी, मी पायाशी. पाय हलू नये म्हणून मी दोन्ही हातांनी उशी धरून बसलो होतो. रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, गुठळी सुटली. आता सुटली.

तात्यांना निजून नुसतं टेंपोचं छप्पर दिसत होतं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "दत्ता, बोल. काय दिसतंय?"

"चौक गावचा फाटा," मी म्हणालो.

"कुणाचा?"

"आपला. मुंबईकडचा."

पनवेलच्या अलीकडे त्यांना खोकल्याची उबळ आली. काकींनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. तिच्यात राग नव्हता, नुसतं भय होतं. तात्या खोकून थांबले, दम घेतला आणि म्हणाले, "धूळ गेली. पुढं बोल." मी बोलत राहिलो. झाडं, पूल, पाट्या, जे दिसेल ते, मुंबई येईपर्यंत.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, डोस कमी कुणी दिला? मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, "आमी दोघांनी. इंजिनात दोघं असत्यात सायेब." डोस कमी पडला म्हणून गुठळी झाली की तशीही झाली असती, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मला त्याचा फारसा दिलासा कधी वाटला नाही.

तात्या पंधरा दिवसांनी घरी आले, अजून तीन आठवडे सुया घ्यायच्या होत्या. मी कर्जतच्या एका कंपाउंडरला ठरवून त्यांच्याकडे पाठवला आणि स्वतः क्वार्टरात दार लावून बसलो. संध्याकाळी साडेसातला दार वाजलं. काकी. पळसदरीच्या रस्त्यानं चालत आलेल्या, धापा टाकत.

"चल. कंपाउंडरला हाकलला त्यांनी. बाटली हातात धरून बसल्यात. तू आल्याबिगर टोचत नाय म्हंत्यात. सात वाजून गेले रं!"

मी चपला न घालता धावलो. वाटेत सायकलवाल्यानं घेतलं. काकींना मागे टाकून पोचलो तर तात्या पलंगावर बसलेले, पुढे उकळून ठेवलेली सिरिंज.

"तात्या, मी नको," मी म्हणालो. "तो शिकलेला माणूस हाय. माझ्याकडनं पुन्हा काय झालं तर?"

"त्याला ही चूक अजून करायची हाय," तात्या म्हणाले. "तुझी करून झाली. बोल."

आणि त्यांनी बाटली पुढे केली. मी ती दिव्याखाली नेली. मोठं अक्षर वाचलं, बारीक वाचलं, बोट ठेवून पुन्हा वाचलं. "पाच हजार."

"कुणाचे?"

मी परत बघितलं. "एका मिलीचे. आपले."

तात्यांनी सुई भरली.

त्यानंतर ते आठ वर्षं जगले. मोतीबिंदू काढून घेतले, काठी टेकत बांधावर जाऊ लागले. गेले ते झोपेत, त्या पायानं नाही. कार्य उरकून पाहुणे पांगले, त्या दिवशी मी पडवीत एकटा बसलो होतो. आतून काकींनी सवयीनं हाक दिली, "चहा झालाय हो." पडवीतून विचारणारं आता कुणी नव्हतं. मग मीच विचारलं, "कुणाचा?"

काकी ओरडल्या नाहीत. दोन कप घेऊन बाहेर आल्या, एक माझ्यापुढे ठेवला. "आपला," म्हणाल्या.

मी तो रस्त्याकडे तोंड करून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा प्यायलो.