सहा वाजेपर्यंतचं पाणी

मास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरच्या पाइपावर हात ठेवायचे. उजव्या हाताचा पूर्ण तळवा, डोळे मिटलेले. ताप पाहणाऱ्या डॉक्टरसारखे ते अर्धा मिनिट उभे राहत आणि मग जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "जाई ऱ्हायनं."

पाणी जातंय, एवढाच त्याचा अर्थ. मास्तर खानदेशातले, घरात आणि घाईत अहिराणी बोलायचे. शाळेतले मास्तर नव्हेत ते, लूम्सचे मास्तर. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे कान जवळजवळ गेले होते. मशीन बिघडली की तिच्या अंगावर हात ठेवून कुठे काय सैल झालंय ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर मशीन उरली नाही, हात उरला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सुरतेत नवागामच्या बाजूला तर दर तिसऱ्या इमारतीत एखादा कान गेलेला आणि मोठ्याने बोलणारा मास्तर सापडतो. आमचे मास्तर मात्र संडासाच्या टाक्यांकडे वळले, आणि त्याला कारण होतं.

आमची इमारत चार मजल्यांची. खाली पार्किंग, वर प्रत्येक मजल्यावर पाच घरं, लिफ्ट नाही. सकाळी सातला गच्चीवरच्या टाक्या भरायच्या आणि दुपारी एकला रिकाम्या व्हायच्या. संध्याकाळचं पाणी सहानंतर. मधले पाच तास प्रत्येकाने अंगणातल्या नळावरून बादली भरून न्यायची. मास्तर राहायचे चौथ्या मजल्यावर. चौसष्ट पायऱ्या, मी मोजलेल्या आहेत. त्यांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, गुडघे गेलेले, त्यामुळे बादल्या मास्तरच न्यायचे. गणपतीच्या आदल्या आठवड्यात ते बादलीसकट तिसऱ्या मजल्यावर घसरले आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं.

वहिनींनी त्याच दिवशी जाहीर केलं की आता भेस्तानला मुलाकडे जायचं. तिथे लिफ्ट आहे, पाणी आहे. मास्तरांना जायचं नव्हतं. भेस्तान काही परदेश नाही, रिक्षाने अर्ध्या तासाच्या आत पोचतो माणूस. पण ते मला म्हणाले, "भाऊ, तिथे मी कुणाचा तरी बाप. दिवसभर टीव्हीसमोर. इथे मी मास्तर आहे."

शेवटी नवराबायकोत ठरलं, आणि पंच म्हणून मला बोलावलं. वसुबारसेपर्यंत चौथ्या मजल्यावरच्या नळाला संध्याकाळी सहापर्यंत पाणी टिकलं तर राहायचं, नाही तर सामान बांधायचं. मी ते वहीत लिहून घेतलं. मला बोलावलं कारण मी पर्वत पाटियाला ग्रे, म्हणजे अजून न रंगवलेल्या, कापडाच्या गोदामात ताके मोजतो. माझा आकडा कुणी पुन्हा मोजत नाही, एवढी माझी पत आहे.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये दुसरी बोअर मारायची चर्चा चालली होती. मास्तर उठून म्हणाले की पाणी कमी नाहीये, ते जातंय, आणि बहुतेक संडासातून जातंय, मला प्रत्येक घरातली टाकी बघू द्या. लोक हसले. आमचे सेक्रेटरी सौराष्ट्रातले, ते म्हणाले, "संडासमां शुं जोवानुं छे, काका?" म्हणजे संडासात बघायचंय काय. मास्तरांना ऐकूच आलं नाही, त्यामुळे अपमानही झाला नाही. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन पहिल्या मजल्यावर हजर झाले. पहिलं घर माझं.

मी सांगितलं की माझ्याकडे गळत नाही, मी रोज रात्री सगळे नळ तपासतो. मास्तरांनी पाइपावर हात ठेवला. "जाई ऱ्हायनं." मग त्यांनी फ्लशच्या टाकीत चिमूटभर रंग टाकला आणि कुणी साखळी ओढू नका म्हणून बजावलं. आम्ही दोघं दारात उभे. अकराव्या मिनिटाला भांड्याच्या पांढऱ्या उतारावर गुलाबी रेघ उतरली. मी टाकीचा कॉक बंद करून पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण केली आणि तासाने लिटरच्या मापाने परत खुणेपर्यंत पाणी भरलं. चार लिटर. दिवसाचे शहाण्णव. माझ्या घरातून, मी रोज रात्री नळ तपासत असताना.

मास्तरांनी वायसर बदलला आणि टाकी तीच ठेवून आत दोन बटणांचं फिटिंग बसवलं, छोट्याला तीन लिटर आणि मोठ्याला सहा. जुनी एका ओढीला दहा लिटर सोडायची. मी संडासाच्या भिंतीवर कागद लावून दोऱ्याने पेन्सिल बांधली आणि घरच्यांना प्रत्येक वेळी रेघ मारायला लावली. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, हे कुणाला सांगू नका हं." पाच माणसं, दिवसाला बावीस रेघा. पूर्वीचे दोनशे वीस लिटर, आता चौऱ्याऐंशी. त्या दिवसापासून मी मास्तरांचा माणूस झालो.

लोकांच्या संडासात शिरणं सोपं नसतं. बायका संकोचायच्या, काही पुरुष दारातूनच परतवायचे. काम झाल्यावर चहा द्यायचा तर कुठल्या कपात, असा प्रश्न एकदोन घरांत चेहऱ्यावर दिसायचा. मास्तर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे आणि कुणी काही बोलायच्या आत पिशवीतून स्वतःचा स्टीलचा ग्लास काढून पुढे धरायचे. "माझं माप ठरलेलं आहे," म्हणायचे. ग्लास चांगला पाव लिटरचा होता, त्यामुळे हसू यायचं आणि वेळ निघून जायची. वहिनींना मात्र हे आवडायचं नाही. चाळीस माग ज्याच्या हाताखाली चालले त्याने लोकांच्या मोऱ्या धुंडाळाव्यात, म्हणायच्या.

दुसऱ्या मजल्यावर घोटाळा झाला. रंग त्यांनी मिलमधल्या जुन्या दोस्ताकडून आणला होता. सुरतेत माणूस रंग आणायला वाण्याकडे जात नाही, डाइंगवाल्याकडे जातो. तो पक्का राणी रंग होता. एका घरात रंग टाकून, सुनेला सांगून मास्तर शेजारी गेले, आणि सून भाजी आणायला खाली उतरली. झोपेतून उठलेली सासू संडासात गेली, उठून तिने भांड्यात पाहिलं आणि दारातच बसकण मारून रडायला लागली. मुलगा मार्केटमधून धावत आला आणि आईला रिक्षात घालून निघाला. सुनेचा फोन लागेपर्यंत रिक्षा दवाखान्याच्या फाटकात पोचली होती.

मास्तर दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या पायाशी जाऊन बसले. त्यांचा तळहात अजून गुलाबी होता, आणि पुढे पंधरा दिवस तसाच राहिला. म्हातारीने तो हात धरून उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "मेंदी कुणाच्या नावाची, मास्तर?" मग दोघंही हसले. त्यानंतर मास्तर फक्त निळा रंग वापरायचे आणि दारावर खडूने लिहायचे, "रंग टाकला आहे, घाबरू नये." म्हातारी जिन्यात भेटली की न चुकता आजचा रंग विचारायची.

या प्रकाराने एक गोष्ट चांगली झाली. बातमी सगळ्या इमारतीत पसरली आणि लोक स्वतःहून बोलवायला लागले. माझ्या वहीत रोजची वेळ आहे. पहिला मजला झाला तेव्हा पाणी पावणेदोनपर्यंत टिकलं. दुसरा झाला, अडीच. तिसरा झाला, पावणेचार. सेक्रेटरींनी बोअरचा विषय पुढे ढकलला आणि आपल्या घरातली फिटिंगं आधी बदलून घेतली. चौथ्या मजल्यावरची चार घरं झाली आणि पाणी पाचपर्यंत आलं.

आणि तिथेच अडलं. एक आठवडा रोज पाच. वसुबारस चार दिवसांवर आलेली. मास्तर पुन्हा एकदा सगळ्या घरांच्या पाइपांवर हात ठेवून आले, काहीच मिळालं नाही. मी आकडे तीनदा मांडले. दिवसाला तीनशे लिटरच्या आसपास पाणी कुठेतरी जात होतं.

त्या शनिवारी मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. दुपारचे चार. मास्तर खुर्चीत चहा पीत बसलेले, वहिनी समोर तांदूळ निवडत होत्या. मी वही उघडली आणि थांबलो. घरात एक बारीक आवाज येत होता, कुकरची शिटी व्हायच्या आधी येतो तसा. तो संडासाच्या बाजूने येत होता.

एकोणीस घरं झाली होती. विसावं त्यांचं स्वतःचं होतं. दोन वर्षांपूर्वी नवा वायसर मीच टाकलाय, असं म्हणून मास्तरांनी आपल्या टाकीवर हातच ठेवला नव्हता. आणि आवाज ऐकण्याइतके कान त्यांना नव्हते.

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

"ऐकू आलं ना, भाऊ?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "गणपतीपासून येतोय."

मास्तर चार फुटांवर बसून चहा पीत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते माझ्याकडे बघून हसले.

"त्यांना नाही ऐकू येत," वहिनी म्हणाल्या. "गुडघे दुखतात ते खरं आहे. पाणीही नव्हतं. पण मला जायचंय ते नातीसाठी. तीन वर्षांची झाली. आठवड्यातून एकदा व्हिडिओत दिसते, आणि ती मला आजी म्हणायच्या आत फोन फिरवून पंखा दाखवते. असं सांगून कुणी घर सोडतं का? गुडघे म्हटलं की सगळे मान्य करतात."

मी म्हणालो, वहिनी, मला वहीत खरं लिहावं लागेल. मी ते जरा ताठ आवाजात म्हणालो असेन. एकीकडे तीस वर्षांचं घर, दुसरीकडे तीन वर्षांची मुलगी, आणि माझ्या हातात पेन्सिल.

वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. भिंतीला धरून उठल्या, मास्तरांच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि त्यांचं मनगट धरलं, प्लास्टर निघालेलं, तेच. त्यांना संडासापर्यंत नेलं आणि त्यांचा तळवा टाकीवर ठेवला. मी बाहेरच्या खोलीत उभा राहिलो. मास्तरांनी डोळे मिटले, आणि नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ते तसेच उभे होते. जाई ऱ्हायनं म्हणाले नाहीत. वहिनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलल्या. काय बोलल्या ते मला आधीच माहीत होतं.

मास्तर बाहेर आले ते अहिराणीत बोलत होते, मी माझ्या मराठीत सांगतो.

"पहिल्या मजल्यावर होतो तेव्हाच सांगायचं होतंस."

वहिनी त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "मग बाकीची एकोणीस घरं कोणी केली असती?"

खालून कुणीतरी विचारलं, काय झालं. मास्तर खुर्चीत बसले. आधी त्यांचे खांदे हलले, मग हसू आवाजात आलं. हसता हसता त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि पिशवी मागितली. त्याच दुपारी त्यांनी आपली टाकी उघडली. मी खूण करून मोजलं, तासाला अठ्ठावीस लिटर. सकाळी सातपासून पाचपर्यंत दोनशे ऐंशी. माझा हिशेब वीस लिटरने चुकला होता.

वसुबारसेला संध्याकाळी सहाला मी, सेक्रेटरी आणि दुसऱ्या मजल्यावरची म्हातारी, जी दर मजल्यावर बसत बसत वर आली होती, असे तिघं त्यांच्या स्वयंपाकघरात उभे होतो. मास्तरांनी नळ सोडला. पाणी आलं. वहिनींनी सगळ्यांना करंज्या दिल्या. पैज मास्तरांनी जिंकली, आणि देवदिवाळीला ते सामान बांधून भेस्तानला गेले. ठरलं तसं का नाही केलं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले की राहायचं असं ठरलं होतं, पण कुठे ते वहीत लिहिलंच नव्हतं. मी तपासलं. खरंच लिहिलं नव्हतं.

घराची किल्ली माझ्याकडे आहे. परवा रविवारी मी वर जाऊन बरोबर सहाला त्यांचा नळ उघडला, पाणी आलं, बंद केला, आणि कळवायला फोन लावला. मास्तर फोनवर जिन्यातल्यासारखेच बोलतात, म्हणून मी तो कानापासून वीतभर लांब धरतो. त्यांनी वेळ दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले की इथे सगळी फिटिंगं नवी आहेत, हाताला काम नाही, पण नातीला पाणी गोल फिरताना बघायला आवडतं. ती बटण दाबते, टाकी भरेपर्यंत थांबते, पुन्हा दाबते.

"आज पाच वेळा, भाऊ. मोठं बटण. मी शेजारी उभा होतो, मोजलं. काही बोललो नाही."

ते बोलत असताना मागून पाणी सुटल्याचा आवाज आला आणि त्यावर एका लहान पोरीचं हसू. सहावी वेळ. मास्तरांना ते ऐकू आलं नाही, आणि मीही त्यांना सांगितलं नाही.