राजधानी आमची, छावणी साहेबाची

इतिहास वाचायला चार टाळकी जमली, की इतिहास राहतो बाजूला आणि किस्सेच साठत जातात. आम्ही तर तिघंच. मी नांदेडचा, बँकेतून रिटायर झालेला. देशमुखमामा रेणापूरचे, अजून शेती करणारे. आणि सुनंदाताई कांबळे, निलंग्याच्या रिटायर मुख्याध्यापिका. नाद एकच: निजामाचं हैदराबाद आणि त्याला खेटून इंग्रजांनी वसवलेली सिकंदराबादची छावणी. आमच्या आज्या-पणज्यांची राजधानी तीच, त्यामुळं मामला घरचाच.

*

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरला ताईंचं भाषण होतं. ताई सांगत होत्या, "दोन्ही शहरांमधल्या तलावाच्या अलीकडं निजाम, पलीकडं फौज. फौज इंग्रजांची, पण तिचा खर्च निजामाच्या माथी. वर दरबारात काय चालावं, तेही इंग्रजच सांगणार."

पुढं बसलेल्या एका आजोबांनी हात वर केला. "मंजे ऱ्हायला इथंच, खायला इथलंच, अन् वरून घरच्यावर हुकूम?"

"हाव."

"मंग फौज कशाला म्हनता बाई, घरजावई म्हना की."

ताईंनी उरलेलं भाषण पर्समध्ये ठेवलं. सांगायचं काही शिल्लकच नव्हतं.

*

एकदा तिघं हैदराबादच्या स्टेशनावर उतरलो. रिक्षावाल्याशी बोलायला मी पुढं झालो. नांदेडची दखनी उर्दू आपल्याला येते, हा माझा जुना माज. म्हटलं, "देखो भाई, दादा के जमाने से ये हमारी राजधानी है. हमकू घुमाके मत ले जाओ."

तो शांतपणे म्हणाला, "अच्छा? तो रस्ता तुमीच बोलो चच्चा."

मी बोलत गेलो. बऱ्याच वेळानं आम्ही त्याच स्टेशनासमोर उभे होतो.

मामा म्हणाले, "राजधानी हलवली वाटतं."

*

त्याच फेरीत सिकंदराबादेत गोऱ्या सोल्जरांचं जुनं कबरस्तान बघितलं. मामा रेल्वेत बसल्यापासून इंग्रजाला शिव्या घालून राहिले होते. ताई दगडांवरचं वाचून मराठीत सांगत होत्या. पटकी. ताप. पुन्हा पटकी. एका दगडावर वय होतं एकोणीस.

मामा खाली बसले आणि रुमालानं त्या दगडावरची माती पुसायला लागले.

"काय मामा, शिव्या संपल्या?" मी विचारलं.

"त्या सायबाला हायत," मामा म्हणाले. "ह्यो मेला, हे ह्याच्या मायला कवा कळलं आसंल?"

*

ताईंचे पणजोबा छावणीत सईस होते, म्हणजे साहेबाच्या घोड्याची निगा राखणारे. घरात त्यांचा एकही फोटो नाही. यंदा लातूरला आम्ही जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. त्यासाठी एका पुस्तकातला फोटो मोठा करून घेतला: घोड्यावर गोरा साहेब, शेजारी लगाम धरून पागोटं घातलेला एक माणूस. पुस्तकात साहेबाचं नाव होतं, घोड्याचंही होतं. लगाम धरणाऱ्याचं नव्हतं.

ताईंनी फोटो जवळ ओढला.

"पणजोबा आहेत का?" मी विचारलं.

"कोण जाणे. माझे नसले तर कोणाचे तरी असतील," म्हणाल्या, आणि फोटोखालची पाटी स्वतः लिहायला बसल्या.

उद्घाटनाला आलेले पाहुणे त्या पाटीपाशी थबकले. 'डावीकडे उभे: आमचे पणजोबा. मध्ये: घोडा, नाव प्रिन्स. वर बसलेला इसम: नाव माहीत नाही.'

"मॅडम, साहेबाचं नाव तर पुस्तकात छापलेलं आहे," पाहुणे म्हणाले.

"असेल," ताई म्हणाल्या. "आमच्या घरी त्याची आठवण कोणी काढत नाही."