राखीव विमानातले टिपणीसकाका

टिपणीसकाका बुटांच्या नाड्या करकचून बांधून तुमच्या घरी येऊन बसले, की समजायचं, घरात कुणाची तरी पाचावर धारण बसली आहे. मुलाचा बारावीचा गणिताचा पेपर, मुलीला बघायला येणारी मंडळी, बायकोच्या पित्ताशयाचं ऑपरेशन, कशाचाही वास त्यांना बरोबर लागे. बेल वाजवून आत यायचं, खुर्चीत ताठ बसायचं, चहाला नको म्हणायचं आणि सांगायचं, "मी स्पेअर आहे. तुम्ही निघा." त्यांची मदत म्हणाल तर शून्य. गणित त्यांना येत नसे, आणि त्यांचं पित्ताशय काढून कुणाला उपयोग नव्हता. पण घाबरलेला माणूस जिना उतरताना एकदा मागे वळून बघे, तेव्हा दारात काका उभे असत, आणि का कोण जाणे, उरलेल्या पायऱ्या तो जरा बऱ्या उतरे.

आर. के. पुरमच्या आमच्या सेक्टरात त्यांना सगळे स्पेअर याच नावानं ओळखत. दिल्लीतच वाढलेली माझी मुलगी दार उघडून आत ओरडायची, "पापा, स्पेअर अंकल आ गए. आज किसको क्या हुआ?" आणि मग मी घाबरायचो, कारण काका आले म्हणजे काहीतरी झालेलं असणारच, फक्त मला अजून कळलेलं नाही.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. नव्या लोकांना हा स्पेअर प्रकार माहीत नाही, म्हणून सांगतो. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी आपल्या नौदलाला विमानवाहू जहाज मिळालं आणि त्यावर ब्रिटिश बनावटीची जेट विमानं आली. एका माणसाचं विमान, पंखांखाली बॉम्ब आणि रॉकेटं. ती चालवणाऱ्या पहिल्या काही मुलांमध्ये काका होते. पुढे संसारासाठी त्यांनी नौदल सोडलं, दिल्लीत एका मंत्रालयात चिकटले, पण नाव राखीव यादीत राहिलं. बांगलादेशची लढाई तोंडावर आली तसं बोलावणं आलं. तेव्हा ते सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहत. कुमुदकाकूंनी तव्यावरची पोळी करपू दिली आणि त्याच पोळीचा डबा त्यांना बांधून दिला, असं काका सांगत. काकू म्हणत, करपली नव्हती, यांना नाटकं हवीत.

जहाजावरची पद्धत अशी होती, की जितकी विमानं हल्ल्याला जायची त्यांहून एक जास्त तयार ठेवायचं. त्या जादा विमानात एक माणूस पट्टे आवळून, इंजिन सुरू करून बसणार. पुढचं एखादं ऐन वेळी बिघडलं, तर त्याच्या जागी हा जाणार. सगळी नीट उडाली, तर इंजिन बंद करायचं, पट्टे सोडायचे, खाली उतरायचं. काका अख्खी लढाई त्या जादा विमानात बसले. एकदाही उडाले नाहीत.

"आमचे मेकॅनिक फार हुशार," ते म्हणत. "एक विमान बिघडेल तर शपथ." आणि मग, "जे उडाले त्यांची भीती तिकडे शत्रूच्या बंदरावर वापरून झाली. माझी मी सगळीच्या सगळी परत आणली. अजून आहे."

अशा या माणसानं एके दिवशी माझ्या घरची बेल वाजवली. या वेळी घाबरलेला मीच होतो.

मी त्या काळात दिवसभर मंत्रालयात फायली हलवायचो आणि संध्याकाळी मिळेल त्या स्टेजवर किस्से सांगायचो. आमच्या गणेशोत्सवातली एक संध्याकाळ माझ्या नावाचीच असे. मला गाता येत नाही, रूप बेताचं, बढती कधी वेळेवर मिळाली नाही. होता तो आवाज. तो बसायला लागला. आधी खडीसाखर झाली, मग ज्येष्ठमध, मग डॉक्टर. त्यांनी घशात कॅमेरा घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे, काढावी लागेल. म्हणाले, त्यानंतर मी सांगेपर्यंत पूर्ण मौन, कुजबुजसुद्धा नाही. एक शब्द बोललात तरी आवाज कायमचा जाऊ शकतो. मी विचारलं, आणि नाही बोललो तर येईल ना परत? ते म्हणाले, "ऊपरवाले पर भरोसा रखिए." डॉक्टर वर बघायला लागले की माझे हातपाय गार पडतात. स्कूटर तिथेच विसरून मी बसनं घरी आलो, आणि स्कूटर चोरीला गेली म्हणून बायकोजवळ रडलो.

काका आले, बसले. मी म्हटलं, "काका, गळा माझा आहे. यात स्पेअर कसला?"

"तुझा आवाज नाही आला तर किस्से बंद पडता कामा नयेत," काका म्हणाले. "मला सगळे पाठ आहेत. ऐक."

आणि त्यांनी माझा सगळ्यात गाजलेला किस्सा सांगितला. तो सांगायला मला पाऊण तास लागतो. बायका पदर तोंडात कोंबून हसतात. काका म्हणाले, "मंत्रालयात एक माकड आलं. त्यानं साहेबांच्या डोक्यावरचा टोप पळवला. तोपर्यंत तो टोप आहे हे कुणाला माहीत नव्हतं." एवढं बोलून ते माझ्याकडे पाहत राहिले. मी आयुष्यात इतका कधी हादरलो नव्हतो. गाठीचं जे व्हायचं ते होवो, पण माझ्यामागे माझे किस्से या माणसाच्या हाती जाणार होते.

ऑपरेशन झालं. गणपती आले ते माझ्या मौनातच. मंडळवाले कार्यक्रम रद्द करायला निघाले, तर काकांनी त्यांना निरोप धाडला की एक विमान बिघडलंय, स्पेअर जाईल.

त्या संध्याकाळी मांडवात काकू माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "नंदू, हे आयुष्यात चारचौघांत बोललेले नाहीत रे. निघताना दोनदा ओकून आलेत. तू तरी अडव." मी कसा अडवणार? मी नुसते हात हलवले. काकूंना वाटलं, मी धीर देतोय.

काका स्टेजवर कवायतीला आल्यासारखे आले. माईकसमोर उभे राहिले. माकडाचा किस्सा लोक खुर्च्यांवर नीट टेकायच्या आत संपला. कुणी हसलं नाही. मागे एक पोर आईला विचारत होतं, "मम्मी, बंदर फिर कहाँ गया?" काका पुढचा किस्सा आठवू लागले. ओठ हलताहेत पण शब्द नाही. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला पुढचा प्रत्येक शब्द येत होता. नुसती सुरुवात करून दिली असती तरी ते सुटले असते. डॉक्टरांची ताकीद कानात वाजत होती आणि समोर तो म्हातारा माणूस बुडत होता. माझं तोंड उघडलं. खरंच उघडलं.

काकांनी ते पाहिलं आणि ताडकन हात वर केला, तळवा माझ्याकडे. मी तोंड मिटलं.

"किस्से नंदूचे आहेत," ते माईकमध्ये म्हणाले. "ते मला जमत नाहीत. मला एकच गोष्ट येते, ती सांगतो."

मग ते एकदम साध्या आवाजात बोलू लागले. त्या लढाईतल्या एका सकाळी त्यांच्या पुढच्या विमानातल्या मुलानं खूण केली, की इंजिनात बिघाड आहे. डेकवरच्या अधिकाऱ्याचा हात त्यांच्याकडे वळला. चल, तू. काकांनी ब्रेक सोडले. "त्या क्षणी मला भीती अजिबात नव्हती," काका म्हणाले. "आयुष्यात तेवढाच एक क्षण. विमान हातभर पुढे सरकलं असेल. तेवढ्यात त्या मुलानं पुन्हा खूण केली, सगळं ठीक आहे. हात परत त्याच्याकडे वळला. तो गेला. तो परतही आला, सुखरूप आला. मी इंजिन बंद केलं आणि ऑक्सिजनच्या मुखवट्याच्या आत रडलो. वाचलो म्हणून रडलो, की मागे राहिलो म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. इतकंच."

काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "हे मलाही नवीन आहे." त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. कार्यक्रमानंतर बटाटेवड्यांच्या टेबलापाशी लोक एकेक करून काकांजवळ जात होते आणि खाली मान घालून त्यांना काहीतरी सांगत होते. काय, ते मला कधी कळलं नाही. काका फक्त मान हलवत होते आणि त्यांच्या बशीतला वडा गार होत होता.

मौन सोडायच्या दिवशी काका माझ्याबरोबर दवाखान्यात आले आणि बाहेरच्या बाकावर बसले. आत डॉक्टरांनी घसा तपासला, मागे टेकले आणि म्हणाले, "हाँ जी, कुछ बोलिए."

इतकी वर्षं तोंडाचा पट्टा थांबवता न आलेला मी, मला काही सुचेना. बोललो नाही तोवर आवाज आहे असं तरी धरून चालता येत होतं. मला उठून पळून जावंसं वाटलं. डॉक्टर पुन्हा म्हणाले, "घबराइए मत, अपना नाम ही बोल दीजिए."

"काका," मी म्हटलं.

घोगरा होता, फाटका होता, पूर्वीचा तर मुळीच नव्हता, पण आवाज होता. दार अर्धवट उघडंच होतं. बाहेर काका बाकावरून उठले. मी धावत बाहेर गेलो.

"पुन्हा बोल," ते म्हणाले.

"काका."

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. येणारे-जाणारे बघत होते. मी रुमाल पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"असू दे," काका म्हणाले. "हे कशाचं आहे ते मला नक्की कळतंय."