तांबड्याची झिंग

मोहफुलांच्या दिवसांत आमच्या देवरीकडच्या गावात पहाटे कुणी घरी सापडत नाही. माणसं टोपल्या घेऊन जंगलात, आणि माणसांमागे कुत्री. माणसं फुलं वेचतात, कुत्री खातात. जास्त झाली की डुलत घरी येतात आणि गाव पोट धरून हसतं.

म्हणून मागच्या मोहाच्या हंगामात आमचा तांबडा कुत्रा डुलत अंगणात आला आणि मागचे पाय एकमेकांत अडकून तुळशीपाशी बसला, तेव्हा कुणालाच शंका आली नाही. शेजारचा भाऊ कुंपणावरून ओरडला, "काका, तुमचा चेला पेऊन आला नं जी!"

आता, या विषयात माझा शब्द अखेरचा. गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, दारुड्याचं सोंग कायम माझ्याकडे. मी ऐटीत पडवी उतरलो, तांबड्याभोवती फेरी मारली, त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि जमलेल्यांना निकाल ऐकवला, "चाल अस्सल. मला जमायला वर्षं गेली, यानं एका सकाळीत उचलली!" टाळ्या पडल्या. मी वाकून स्वीकारल्या.

संध्याकाळी बायकोनं सुकट घालून भात कालवला. सुकटासाठी हा कुत्रा लोकांची कुंपणं ओलांडतो. त्यानं नुसता वास घेतला आणि मान खाली टाकली.

"उतरली नाही अजून," मी म्हणालो.

"काऊन जी, पेलेला मानूस जेवनाले नाही म्हनते का? तुमी कधी म्हनलं?"

तिनं त्याचा कान उलटला. आत गोचिडं, वाटाण्यासारखी टम्म. बोटांच्या बेचक्यांतही तीच.

"हा मरून राह्यला अन् तुमी टाळ्या घेऊन राह्यले!"

सकाळी तांबड्याला तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, दोघांच्या मधे बसवून, मोटारसायकलवरून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर गोंदियाकडची तरुण मुलगी. मी हातवारे करून मोहफुलांचा पहिला अंक सुरू केला, तोवर तिनं कुत्र्याचा ओठ वर केला. गुलाबी असायच्या त्या हिरड्या पांढऱ्याफटक.

"काका, ये नशा नहीं, बुखार है. गोचीड ताप. रक्त तपासते, पण याच दुखण्याची कुत्री रोज येतात इथे. जंगलाकडचं कुत्रं आलं की मी आधी कानच बघते."

"वाचते नं, बाई?" बायकोनं विचारलं. तिचा आवाज इतका बारीक मी लग्नातही ऐकला नव्हता.

"गोळ्या पूर्ण दिल्या तर. मधेच बरा दिसला म्हणून थांबू नका."

गोळ्या तांबडा थुंकायचा. भातात लपवली तर भात खाऊन गोळी तेवढी बाहेर ठेवायचा. शेवटी मी रंगभूमीला शरण गेलो. गोळी दडवलेला सुकटभाताचा घास हातात धरून त्याच्यासमोर मांडी घातली, डोळे मिटले, मिटक्या मारल्या, "अहाहा" केलं, आणि पाठ फिरवून एकटाच खाणार असा आव आणला. तांबड्याला ते सहन झालं नाही. त्यानं झडप घालून घास पळवला. रोज हाच प्रयोग, गोळ्या संपेपर्यंत.

"दारुड्यापेक्षा खादाडच बरा जमते तुमाले," बायको म्हणाली.

यंदा जंगलातून परतणारी कुत्री आधी आमच्या पडवीत येतात. बायको चिमट्यानं गोचिडं काढून साबणाच्या पाण्यात टाकते. पहिला नंबर शेजारच्या भाऊच्या कुत्र्याचा असतो.

आणि परवा तांबडा पुन्हा डुलत आला. कुणी हसलं नाही. सगळे कुंपणाशी गोळा झाले. मी तोंड उघडलं, बायकोनं हातानंच गप्प केलं. तिनं ओठ वर केला. हिरड्या गुलाबी. कान उलटले. स्वच्छ. अंगात ताप नाही. मग सुकटभाताची थाळी पुढे सरकवली. तांबड्याचं तोंड पहिल्या झेपेला थाळीच्या बाजूला मातीत गेलं. मग त्यानं थाळी चाटूनपुसून लख्ख केली आणि तिच्यावरच डोकं टेकून घोरू लागला.

"हा खराच पेला," ती म्हणाली आणि पदरात तोंड लपवून हसत सुटली.

"काका, चाल कशी वाटली?" भाऊनं विचारलं.

खरं सांगायचं तर, मला जरा कच्ची वाटली.