वृश्चिक राशीला सोयरिकीचा योग

आमच्या शालूचं ठरत आलेलं लग्न मी एकट्याने मोडलं, पण त्यात चार लेखकांचा हात होता.

त्याचं असं झालं. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती आणि आम्ही मुलुंडला राहत होतो. दिवसा मी कचेरीत कारकून आणि संध्याकाळी एका साप्ताहिकाचा निम्मा अंक! संपादक काटकसरी, एकाच माणसाला राबवून घ्यायचे. ‘अन्नपूर्णाबाई’ होऊन मी पाककृती लिहायचो (मला स्टोव्हसुद्धा पेटवता येत नव्हता), ‘काळोखे’ होऊन रहस्यकथांत खून पाडायचो, ‘गोष्टीकाका’ होऊन ससे पळवायचो आणि ‘त्रिकालशास्त्री’ होऊन राशिभविष्य सांगायचो.

अशात माझ्या धाकट्या बहिणीला, शालूला, बघायला मालाडचे रेगे यायचं ठरलं. मुलगा बँकेत. शालूने त्याला एका मुंजीत ओझरतं पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती आरशासमोरून हलत नव्हती. मुलाचे वडील मात्र भविष्य वाचल्याशिवाय शिंकतही नाहीत, आणि तेही आमच्याच साप्ताहिकातलं, असं मध्यस्थांनी सांगितलं. मी ताबडतोब त्यांची रास विचारून घेतली. त्या आठवड्यात त्रिकालशास्त्र्यांनी लिहिलं, ‘वृश्चिक: पूर्वेकडून सोयरिकीचा उत्तम योग. नकार दिल्यास पोटाचे विकार संभवतात.’

रेगे ठरल्या वेळेच्या आधीच हजर! सोबत रेगेकाकू आणि मुलगा. शालूने पोहे आणले, सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ले.

“मुलगी पसंत आहे,” रेगे म्हणाले. “शास्त्रीबुवांचा शब्द कधी खोटा ठरत नाही.”

मी मान खाली घालून हसू दाबलं. एवढ्यावर उठलो असतो तर निभावलं असतं!

“शास्त्रीबुवा ठीक आहेत हो,” काकू म्हणाल्या, “पण त्याच अंकातली ती मेली अन्नपूर्णाबाई! तिचं ऐकून दिवाळीला करंज्या केल्या. सगळ्या तेलात फुटल्या!”

“कडा नीट दाबल्या नसतील,” मी म्हणालो.

“अहो, गप्प बसा ना!” बायको कुजबुजली. पण लेखकाला नावं ठेवल्यावर लेखक गप्प बसतो का?

“मी स्पष्ट लिहिलं होतं, दुधाचं बोट फिरवून कडा दाबा!”

“तुम्ही लिहिलं होतं?”

मी घाईघाईने रिकाम्या बश्या गोळा करायला लागलो. मग मला सावरायला आई पुढे सरसावली.

“आमचा बाळ सगळंच लिहितो हो! ती पाककृती, ते खून, ते भविष्य...”

“भविष्य?” रेग्यांनी हातातली बशी खाली ठेवली. “म्हणजे ‘घरातली जुनी वस्तू काढून टाका, भरभराट होईल’ हे तुम्ही लिहिलंत? मी वडिलांचं लंबकाचं घड्याळ देऊन टाकलं हो!”

“त्यात काय एवढं!” आई कौतुकाने म्हणाली. “या खेपेला तर त्याने तुमची रास मुद्दाम विचारून घेतली होती!”

रेगे उठले. काकू उठल्या. मुलगा एकदा शालूकडे बघून शेवटी उठला. चपला घालून तिघेही पायऱ्या उतरले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शालू भिंतीकडे तोंड करून रडत होती. सगळ्या राशींना उपाय सांगणाऱ्या मला तिच्याजवळ जाऊन काय बोलावं ते सुचेना.

“शालू, मी रेग्यांच्या पाया पडतो.”

“नको रे दादा, तू तिथे जाऊन आणखी काहीतरी बोलशील.” तिने पदराने नाक पुसलं. “माफीचं पत्र लिही. आणि एकदा तरी स्वतःच्या नावाने लिही!”

लगेच बसलो. खाडाखोड केली, घाम गाळला, अगदी मनापासून लिहिलं आणि कागद तिच्या हातात दिला. ‘ती संध्याकाळ काळीकुट्ट होती’ या पहिल्या ओळीपासून तिने तो शेवटपर्यंत वाचला.

“चांगलं लिहिलंयस, दादा,” ती म्हणाली. “पण यात खुनी कोण?”