पद्माक्काला आलेला फोन

एक कबुली द्यायचीय म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसला असाल — पोरगी, पळून जाणं, काहीतरी चमचमीत. नाही हो. यात माशांची अंडी आहेत. कालपर्यंत हे कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. आता पूर्ण सांगणार. मधेच जोक मारून सटकणार नाही.

नकला करणं हा माझा जुना आजार. औशाच्या शाळेत हेडमास्तर, इथं चेन्नईत, गिंडीच्या लॅबमध्ये, आमचे सर. सर वरच्या केबिनमधून इंटरकॉमवर हुकूम सोडतात, आणि सरांना उलट विचारायचं नाही, ही इथली पद्धत. पद्माक्का — तंजावरकडची मराठी, मला सीनियर, आपला डबा रोज माझ्यापुढे सरकवणारी — ती तर सरांशी फोनवरसुद्धा उभी राहून बोलायची.

अक्काचं काम एका रिसेप्टरवर. पेशीच्या अंगावरचा कानच म्हणा. शेजारची पेशी काय सांगते ते ऐकून ही पेशी ठरवते, आपण कोण व्हायचं. गर्भ घडतो तो असा. पण हाच कान बिघडला, कुणी काही सांगितलेलं नसताना ऐकल्यासारखं वागायला लागला, तर रक्ताचा कॅन्सरही होऊ शकतो. तसला बिघडलेला रिसेप्टर तिनं माशांच्या अंड्यांत घातला होता. कितीदा फसून, शेवटी जमलं होतं.

आणि मी — शेजारच्या खोलीतून इंटरकॉम लावला. सरांचा आवाज, सरांचा खोकला. "पद्मा, त्या डिशेसमधल्या अंड्यांना बुरशी लागलीय. ब्लीच ओत."

मला वाटलं, ती विचारेल, कुठली बुरशी? मग मी फिस्सकन हसणार. ती "येस सर" म्हणाली. मी धावत गेलो तोवर ओतून झालं होतं.

तेव्हाच बोलायला काय झालं होतं? काही नाही — भ्यायलो. सर म्हणाले, "मी फोन केलाच नाही." अक्का रडत म्हणत राहिली, "तुम्हीच केलात, सर." स्वतःची चूक झाकते म्हणून तिला त्या कामावरून काढलं, माशांच्या टाक्या धुवायला लावलं. मी तिला हसवायला नकला करत राहिलो — सरांची तेवढी सोडून.

काल दोघांसमोर सगळं सांगितलं. सर इतके ओरडले की वॉचमन वर आला.

अक्का ओरडली नाही. "सर कशाला ओरडले ठाऊक आहे? त्यांचा आवाज चोरलास म्हणून. मी खरं बोलत होते रे, डा. मला खोटारडी म्हणाले, आणि तू तिथंच उभा होतास. माझ्याच डब्यातला दहीभात खाऊन."